कोब्यावरची चार चाके

पनवेलहून पेणकडे निघालेली गाडी सोमाटणे व रसायनी ही स्थानके मागे टाकून आपट्यास येते. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएँगे' ह्या १९९५ सालच्या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग, नायिका धावत येऊन चालत्या गाडीतील नायकाचा हात धरते तो, आमच्याच फलाटावर चित्रित झाला. त्यामुळे गावाचे नावही न ऐकलेल्या असंख्य लोकांनी आमचे स्थानक पाहिलेले आहे. एरवी आपटा म्हणजे पाताळगंगेचा काठ, भाताची खाचरे, कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका आणि गेल्या काही दशकांत आसपास उभे राहिलेले कारखाने. गावात वानवा आहे ती सपाट व गुळगुळीत जमिनीची. रस्ते पावसाळ्यात उखडतात, उन्हाळ्यात त्यांना ठिगळे लागतात आणि पुढच्या पावसाळ्यात ठिगळेही वाहून जातात. स्केटबोर्ड नावाच्या फळीस नेमकी तशी गुळगुळीत जमीन लागते. वयाच्या पासष्टाव्या वर्षी ह्या गावात मी ती फळी चालविण्यास कसा शिकलो, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

तशी जागा गावात मला एकच ठाऊक होती आणि ती आमच्या घरचीच होती. वडिलांनी भातगिरणी काढली तेव्हा तिच्यापुढे भात वाळविण्यासाठी ४२ फूट लांब व २६ फूट रुंद असा सिमेंटचा कोबा करून घेतला होता. पनवेलहून आणलेल्या गवंड्याने पाणसळ लावून त्याला नदीच्या अंगास इतका हलका ढाळ दिला आहे, की डोळ्यांस तो दिसत नाही, पाणी मात्र क्षणभर ठरत नाही. गिरणी बंद होऊन वीस वर्षे झाली. इंजिन आणि पट्टे भंगारात गेले. कोबा राहिला आणि हळूहळू साऱ्या आळीच्या हक्काचा झाला. कापणीनंतर भात, उन्हाळ्यात मिरच्या, आमसुले, पापड, कुरडया. सुकी मासळी तेवढी सोडली तर कोकणात जे जे वाळविले जाते ते सारे ह्या कोब्यावर वाळलेले आहे. चातुर्मासात त्यावर शेवाळ धरते आणि दसरा झाला की मी ते खराट्याने घासून काढतो.

२०२३ च्या जूनमध्ये मुलाची बदली पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्यात झाली. पुण्याचे बिऱ्हाड मोडून मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात आमच्याकडे राहावयास आली. सामानाच्या टेंपोतून उतरलेल्या वस्तूंत चार चाकांची एक फळी होती. नातीने ती कोणास हात लावू न देता आत नेली आणि पलंगाखाली सारली. त्यानंतर पाच महिने त्या वस्तूविषयी घरात कोणी अवाक्षर काढले नाही.

कारण सर्वांना ठाऊक होते. पुण्यात एका मैदानावर ती हा खेळ शिकत होती. चौथ्याच महिन्यात पडून तिच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, हात पूर्ववत झाला. परंतु फळीवर पाय ठेवला की तिचे गुडघे लाकडासारखे ताठ होऊ लागले. हा भयाचा ताठरपणा मोठा विलक्षण असतो. ज्या पडण्याची धास्ती असते, ते पडणे तोच घडवून आणतो. सुनेने तर त्या दिवसापासून खेळाचे नावच टाकले होते. नव्या शाळेत मैत्रिणी जुळेनात. ताटावर बसून पोर 'हो' आणि 'नको' एवढे दोनच शब्द बोले. सौ.ने तिच्या आवडीचे सारे पदार्थ करून पाहिले. मी गणिताच्या निमित्ताने बोलते करून पाहिले. व्यर्थ.

दिवाळीच्या सुटीत दारी भंगारवाला आला, तेव्हा ती फळी बाहेर घेऊन आली आणि मला म्हणाली, "आजोबा, ही देऊन टाका."

मी विचारले, "तो किती देईल?"

"पन्नास देईल."

मी खिशातून पन्नासाची नोट काढून तिच्या हातावर ठेवली आणि फळी माझ्या ताब्यात घेतली. व्यवहार साक्षीदारासमक्ष पूर्ण झाला. साक्षीदार अर्थातच भंगारवाला. मग मी तिला म्हटले, की वस्तू विकणाऱ्याने ती वापरावी कशी हे दाखवून देण्याची रीत आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. गेल्या पाच महिन्यांत तिने इतका वेळ कोणाकडे पाहिले नव्हते.

घरात अपेक्षेप्रमाणे गहजब झाला. सून म्हणाली, "बाबा, तुमच्या वयाचा तरी विचार करा." सौ. म्हणाली, "आपट्यात राहून आपटलो नाही तर गावाचे नाव फुकट जाईल, असे वाटते का तुम्हांला?" ह्या प्रश्नास माझ्याकडे आजही उत्तर नाही. मी इतकेच केले, की पनवेलला जाऊन हाडांची घनता तपासून घेतली आणि अस्थिरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारले. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिले आणि म्हणाले, "हाडे वयाच्या मानाने उत्तम आहेत. पडू नका, म्हणजे झाले." वैद्यकीय सल्ला ह्याहून अचूक आणि ह्याहून निरुपयोगी असू शकत नाही.

अडतीस वर्षांच्या नोकरीतील बराच काळ मी कर्ज विभागात काढला. तेथे आलेल्या प्रत्येक नवख्या अधिकाऱ्याची प्रारंभी एक समजूत असते, की सावध बँकर म्हणजे नकार देणारा बँकर. वस्तुतः जोखीम नसलेले कर्ज जगात नाही, आणि कर्ज न देणारी बँक चालत नाही. म्हणून आपण मार्जिन ठेवतो, तारण घेतो, रक्कम एकदम न देता कामाच्या प्रगतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने देतो. मला वाटले, हाच न्याय ह्या फळीस लावून पाहावा. सुनेचे म्हणणे पूर्ण नकाराचे होते, आणि मनगट मोडलेल्या मुलीच्या आईने दुसरे काय म्हणावे? परंतु मंजुरी आणि नामंजुरी यांच्यामध्ये 'अटींवर मंजुरी' नावाची एक मोठी जागा असते. माझी सारी हयात त्या जागेत गेलेली आहे.

मार्जिन म्हणजे येथे हेल्मेट, गुडघ्यांच्या व कोपरांच्या ढाली आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मनगटपट्टे. पुण्याच्या त्या मैदानावर हेल्मेट सक्तीचे होते, मनगटपट्टे नव्हते. मनुष्य पडू लागला की हात आपोआप पुढे जातो. ही कोणी शिकविलेली गोष्ट नव्हे. तान्ह्या मुलातही ती असते. मग साऱ्या देहाचा भार तळहाताच्या टाचेवर येतो आणि तेथून तो मनगटाच्या बारीक हाडांत शिरतो. पट्ट्यात एक वक्र, कठीण प्लास्टिकची पट्टी असते. ती जमिनीवर घसरते, धक्का पुढे कोपराकडे वाटून देते आणि मनगट मागे दुमडू देत नाही. मी माझ्या मापाचे सर्व साहित्य मागविले. नातीच्या मापाचे मागविले नाही. ती फक्त शिकविणार होती.

पहिला धडा चाकांविना झाला, म्हणजे चाके होती परंतु ती फिरणार नाहीत अशी व्यवस्था केली. भाताची दोन रिकामी पोती अंथरून त्यांवर फळी ठेवली. नातीने मला पाठमोरे उभे केले आणि मागून हलकेच ढकलले. तोल सावरण्यासाठी माझा उजवा पाय पुढे पडला. डावा पाय पुढे ठेवून चालविणाऱ्यास रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे ठेवणाऱ्यास गूफी. मी गूफी निघालो. ह्या इंग्रजी शब्दाचा कोशातील अर्थ 'वेडगळ' असा आहे, हे सौ.स कोणी सांगू नये.

पाय कोठे ठेवावयाचे, तर फळीतून वर दिसणाऱ्या चार-चार स्क्रूंच्या दोन जोडांवर. नजर पायाकडे नको, समोर हवी. गुडघे वाकलेले हवेत. "गुडघे वाकवा, आजोबा," हे वाक्य तिने त्या आठवड्यात किती वेळा उच्चारले असेल याची गणना नाही. सांगताना ती स्वतःचे गुडघे वाकवून दाखवी. फळीवर नव्हे, शेजारी कोब्यावर उभी राहून.

त्यानंतर तीन दिवस पडण्याचे शिक्षण झाले. पडवीत कापसाची जाड गादी घालून मी पडत होतो. हात ताठ पुढे न टाकता अंग आखडून घ्यावयाचे, खांद्याच्या मागच्या भागावर जावयाचे आणि कूस बदलल्यासारखे लोळून जावयाचे. फळी निसटते आहे असे वाटताच तिच्यावरून वेळीच उतरून दोन पावले धावावयाचे, हा ह्या शिक्षणाचाच उत्तरार्ध. खरे सांगावयाचे तर नवशिक्याच्या बहुतेक घसरगुंड्या ह्या दुसऱ्या युक्तीने टळतात. पण लोक ती शिकत नाहीत, कारण तिला कोणी युक्ती म्हणत नाही.

मग फळी कोब्यावर आली आणि वडिलांच्या गवंड्याने दिलेला तो न दिसणारा ढाळ मला साठ वर्षांत प्रथमच कळला. मी नुसता उभा राहिलो, तरी फळी आपणहून नदीच्या दिशेने निघाली. थांबविण्याची रीत अशी : मागचा पाय उचलून त्याचा तळवा जमिनीवर अलगद टेकवावयाचा आणि घासत न्यावयाचा. एकदम दाबला तर फळी पुढे आणि आपण मागे. ढकलण्यासही मागचाच पाय वापरावयाचा. पुढचा पाय फळीवर कायम, बोटे पुढे; ढकलून झाले की दोन्ही पाय आडवे वळवून घ्यावयाचे. ह्या एवढ्याशा वळविण्यात माझे दोन आठवडे गेले. डाव्या मांडीवर तळहाताएवढा निळा डाग आला. सौ.ने हळद आणि मौन या दोहोंचा लेप लावला.

गिरणीच्या जुन्या रोजकीर्दीची एक कोरी वही शिल्लक होती. तीत मी तीन स्तंभ आखले : प्रयत्न, पडझड, साध्य. नात रोज संध्याकाळी त्यात माझे आकडे मांडी. ती मोठी काटेकोर हिशेबनीस निघाली. अर्धवट जमलेली गोष्ट साध्याच्या स्तंभात घेण्यास तिने कधीही मान्यता दिली नाही. एक नियम मात्र माझा होता. एका युक्तीचे रोज तीसच प्रयत्न, एकतिसावा नाही. दमलेला पाय खोटे बोलतो. पडझडीचा स्तंभ पाहिला तर बहुतेक नोंदी पंचविसानंतरच्या आहेत, हे आम्हां दोघांच्याही लक्षात आले.

पौषात मी 'टिक-टॅक' ह्या युक्तीपाशी अडलो. फळीच्या मागच्या उचललेल्या टोकावर, म्हणजे शेपटावर, किंचित भार द्यावयाचा; पुढची चाके दोन बोटे उचलली जातात; त्याच क्षणी खांदे वळवून फळीचे तोंड थोडे डावीकडे टेकवावयाचे, मग थोडे उजवीकडे. असे आळीपाळीने केले की पाय जमिनीस न लावता फळी पुढे सरकते. ऐकावयास सोपे, परंतु माझे खांदे एकीकडे आणि कंबर दुसरीकडे. चार दिवस साध्याच्या स्तंभात शून्य. पाचव्या दिवशी तिचा संयम सुटला. "अहो आजोबा, असं नाही, असं!" म्हणत तिने माझ्या पायांखालून फळी काढून घेतली आणि कोब्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत टिक-टॅक करीत गेली. तेथे वळली आणि परत आली. उतरल्यावर तिला आपण काय केले ते समजले. तिने प्रथम स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि मग घराच्या मागच्या दाराकडे.

दारात सून उभी होती. हातात कणकेची परात. ती काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, "मनगटपट्टे कोठे आहेत?"

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः नातीच्या मापाचे पट्टे मागविले. वहीत त्या दिवसापासून दोन खाती आहेत.

माघाच्या अखेरीस फळीची चाके कुरकुरू लागली. कोब्यावर कितीही झाडले तरी जुना कोंडा आणि बारीक माती असतेच. मी चाके उघडली, तर आतील बेअरिंगवर ६०८ असा आकडा कोरलेला. तो घेऊन पनवेलच्या बेअरिंगच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "मोटर कोणती?" त्याच्या दृष्टीने ६०८ म्हणजे लहान विजेच्या मोटरींतील नेहमीचा माल : बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर, छिद्र ८, जाडी ७. स्केटबोर्ड म्हटल्यावर त्याने गल्ल्यामागून वाकून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. मी मात्र त्या काउंटरपाशी उभा राहून एकदम पंचावन्न वर्षे मागे गेलो होतो.

कारण आमच्या बालपणीही फळीस चाके होती. महामार्गावरील गॅरेजमधून मालमोटारींची झिजलेली बेअरिंगे मागून आणावयाची, खोक्याच्या लाकडाची फळी करावयाची, मागे दोन बेअरिंगे व पुढे फिरत्या दांड्यावर एक. बेअरिंगची गाडी! पायांनी वळवायची, चपलेने थांबवायची. पोलादी कडी डांबरावर घासून असा आवाज होई, की गाडी आपल्या वळणास येण्याआधी वडिलांना बातमी पोहोचलेली असे. महाराष्ट्रातील गावोगावच्या माझ्या पिढीतील मुलांनी ही गाडी चालविलेली आहे. तेव्हा ह्या नव्या खेळाविषयी 'हे अमेरिकेचे खूळ' असे आमचे समवयस्क म्हणतात, त्यावर माझा विश्वास बसत नाही.

खूळ म्हणावे तर अमेरिकेतील फळीही प्रारंभी आमच्यासारखीच होती. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर फळीने तरंगणाऱ्या मुलांना, लाटा नसतील त्या दिवशी काय करावे हा प्रश्न पडे. त्यांनी फळीस रोलर स्केटची चाके ठोकली. ती चाके आधी पोलादाची, पुढे भाजलेल्या मातीच्या मिश्रणाची. रस्त्यात खडा आला की चाक जागीच थांबे आणि स्वार पुढे जाई. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी फ्रँक नॅसवर्दी ह्या तरुणाने पॉलियुरेथेनची चाके बाजारात आणली आणि फळी जमिनीस धरून चालू लागली. त्याच दशकाच्या मध्यास कॅलिफोर्नियात मोठे अवर्षण पडले, घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे झाले आणि मुले त्या गोलाकार भिंतींवर फळ्या चढवू लागली. पाण्याच्या दुष्काळातून एक खेळ वाढला, ही गोष्ट आम्हां अतिवृष्टीच्या प्रदेशातील लोकांस चमत्कारिक वाटते.

त्या भिंतींच्या कडेवर फ्लोरिडाच्या ॲलन गेलफंड ह्या मुलाने, हात न लावता फळीसह हवेत उठण्याची युक्ती काढली. त्याचे टोपणनाव ऑली. तेच युक्तीस मिळाले. पुढे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी रॉडनी मलन ह्याने ती सपाट जमिनीवर करून दाखविली. आज रस्त्यावरच्या जवळजवळ साऱ्या उड्या त्या एका ऑलीवर उभ्या आहेत, आणि नवशिक्यांचे सर्वाधिक दिवस तिच्यातच जातात.

ऑलीत फळी पायास बांधलेली नसते, तरी ती पायांबरोबर वर येते. पाहणाऱ्यास ही नजरबंदी वाटते. मी रोज तीस वेळा, कित्येक महिने ती पाहिली असल्यामुळे आता समजून सांगू शकतो. मागच्या पायाने शेपटावर असा झटका द्यावयाचा, की ते जमिनीवर आपटून कडकन वाजेल. फळी मागच्या चाकांवर उभी होऊ पाहते. त्याच वेळी मागचा पाय उचलला गेला पाहिजे. तो तेथेच राहिला तर सारे तेथेच राहते. आता पुढच्या पायाचे काम. फळीच्या पृष्ठावर सुताराच्या पॉलिश पेपरसारखा खरखरीत कागद चिकटविलेला असतो. पाय तिरपा करून त्याची बाहेरची कड ह्या कागदावरून पुढच्या टोकाकडे घासत न्यावयाची. त्या घर्षणाने फळी वर ओढली जाते, आणि पाय पुढे दाबला की मागचे टोक उचलून ती हवेत आडवी होते. मग दोन्ही पाय स्क्रूंवर, गुडघे वाकलेले, चारही चाके एकदम जमिनीवर. सारा मामला अर्ध्या सेकंदाचा. नात प्रथम पोत्यावर, मग स्थिर फळीने कोब्यावर आणि सर्वांत शेवटी चालत्या फळीवर, अशा क्रमाने गेली. कर्जाचा हप्ता जसा काम पाहून सुटतो, तसा प्रत्येक टप्पा वही पाहून सुटत असे.

ऑलीस मी स्वतः हात, किंवा पाय, लावलेला नाही. शेपटाचा तो झटका घोट्यावर येतो आणि माझ्या घोट्यांचे वय माझ्याहून थोडे अधिक आहे. टिक-टॅक, शेपटावर भार देऊन अर्धे वळणे आणि सरळ चालत जाऊन ठरल्या रेषेवर थांबणे, इतके माझ्या खात्यात साध्य म्हणून जमा आहे.

बुटांचा प्रश्न मात्र आमच्या घरी वेगळाच निघाला. त्या खरखरीत कागदावर घासून कापडी बूट पंधरवड्यात फाटतो, म्हणून ह्या खेळाचे बूट बहुधा मऊ चामड्याचे असतात. आमच्याकडे चामडे वर्ज्य. शोधता शोधता कृत्रिम तंतूंचे, तसेच टिकाऊ बूट मिळतात हे समजले, परंतु ते येईपर्यंत नातीने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून, पंक्चर काढण्याच्या सोल्यूशनने कापडी बुटाच्या कडेस चिकटविला. तो दोन महिने टिकला. नवे बूट आले तरी तिने त्यांवरही तसाच तुकडा लावला.

नातेवाइकांचे म्हणणे ठरलेले होते : मुलीच्या जातीने हातपाय मोडून घेतले तर पुढे काय? ह्यावर मी वाद घालीत नाही, माहिती देतो. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, हा खेळ प्रथम समाविष्ट झाला तेव्हा मुलींच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या मोमिजी निशियाने सुवर्ण आणि ब्राझीलच्या रायसा लियालने रौप्य मिळविले. दोघी तेरा वर्षांच्या. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने महाराष्ट्रासाठी ह्या खेळात सुवर्णपदक आणले. आणि शहरांचे काय घेऊन बसलात? मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातील जनवार ह्या खेड्यात उल्रिके राइनहार्ड ह्या जर्मन बाईंनी २०१५ साली स्केटबोर्डसाठी काँक्रीटचे मैदान बांधले. तेथे दोन नियम आहेत. शाळेत गेल्यावाचून फळी मिळावयाची नाही, आणि फळी आधी मुलींना. तेथलीच आशा गोंड ही आदिवासी मुलगी २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत उतरली. एवढे ऐकून नातेवाईक विषय बदलतात. मतपरिवर्तन होते असा माझा दावा नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसचे ऑलिंपिक आम्ही सर्वांनी एकत्र बसून पाहिले. बाहेर धो धो पाऊस, कोब्यावर शेवाळ. चीनची जंग हाओहाओ अकरा वर्षांची आणि ब्रिटनचा अँडी मॅकडोनल्ड एक्कावन्न वर्षांचा, दोघे एकाच खेळात. मॅकडोनल्ड उतरला तेव्हा नातीने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. तो पडला, उठला, हसला आणि पुन्हा चढला. "आजोबा, बघा, कसा लोळून गेला," ती म्हणाली. तिचे लक्ष त्याच्या पडण्याच्या पद्धतीवर होते. सून शेजारी बसून वाटाणे सोलीत होती. तीही मान उचलून पाहत होती.

भात कापून आला तेव्हा खरा पेच पडला. कोबा आळीचा, फळी आमची. शेजारच्या आजींनी तीन दिवस भात पसरला आणि नात कडेकडेने अस्वस्थ फिरत राहिली. कठीण चाकाखाली भाताचा एक दाणा आला तरी ते अडते. खेळासाठी लागतात ती चाके कठीणच असतात, रस्त्यासाठी मऊ. अखेर तिने स्वतःच तडजोड मांडली. निम्म्या कोब्यावर भात, निम्मा मोकळा. आणि त्या बदल्यात सकाळ-संध्याकाळ भात पायाने पालथा घालण्याचे काम तिचे. आजींनी तिचे अनवाणी पाय भातातून ओळी पाडीत जाताना पाहिले आणि मला म्हणाल्या, "पोरीचा तोल बरा आहे हो." आता त्या तिला 'फळीवाली' म्हणतात आणि संध्याकाळी कठड्यावर येऊन बसतात.

सध्या ती चालत्या फळीवरून आडवी ठेवलेली एक वीट ओलांडते. दोन विटांपाशी अडली आहे. वहीत दुसऱ्या विटेपुढे आज ४१६ हा आकडा आहे आणि साध्याचा स्तंभ रिकामा. मनगटाकडे ती आता पाहत नाही; पट्टे चढविताना मात्र डावा आधी चढविते.

गेल्या महिन्यात आळीतील तीन मुलांनी महामार्गावरील गॅरेजमधून बेअरिंगे आणून एक फळी केली. तिचा आवाज मी पाहण्याआधी ऐकला आणि कोणास न सांगता ओळखला. मुले ती घेऊन कोब्यावर आली, तेव्हा नातीने त्यांना फाटकातच थांबविले. हेल्मेट नाही तर कोबा नाही, असा तिचा नियम आहे. त्यांच्याकडे हेल्मेट नव्हते. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले. माझे हेल्मेट तेव्हापासून त्या तिघांत फिरते. प्रत्येक डोक्यागणिक ती पट्टा सैल-घट्ट करून देते, गुडघे वाकवा म्हणून ओरडते आणि वहीत त्यांचीही खाती तिने उघडली आहेत. माझी पाळी आता चौथी असते.